गारांचा निरोप

माझा डावा पाय लहानपणापासून लुळा आहे. त्याचं रडगाणं गायला मी बसलेली नाही, कारण त्या पायानेच मला टेलिफोन मिळवून दिला. तेव्हा सरकार अपंगांना एसटीडीचं बूथ द्यायचं. गावातल्या धडधाकट बायका माझ्या पायाचा हेवा करू लागल्या. लग्न काही झालं नाही, बूथ झालं. 'फोनवाली आक्का' हे नाव तेव्हा पडलं, ते फोन जाऊन इतकी वर्षं झाली तरी सुटलेलं नाही.

गावाचा दिवाळी अंक काढणाऱ्या गुरुजींनी बूथवरच्या गमती लिहून मागितल्या. गमती लिहिते. पण गेल्या फाल्गुनात आमच्या सुभद्राच्या कांद्यावर गारा पडल्या, तेही लिहिणार आहे. गुरुजी म्हणाले, "आक्का, त्याचा आणि टेलिफोनचा काय संबंध?" मी म्हटलं, आधी छापा, मग विचारा.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, नगरच्या अंगाला. पाऊस बेताचा. ज्याच्या विहिरीचं पाणी फाल्गुनापर्यंत टिकतं तो कांदा करतो. ज्याचं टिकत नाही तो दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडायला जातो. बरीच घरं दोन्ही करतात. कांदा जातो नगरच्या बाजारात. तिथं आज काय भाव निघाला हे कळायला गावाजवळ दोनच वाटा होत्या: बाजारातून परत आलेला माणूस, नाहीतर माझी केबिन.

केबिन म्हणजे प्लायवूडचं आणि काचेचं खोकं. एसटी थांब्याच्या कडुनिंबाखाली. आत फोन, एक स्टूल आणि समोर मीटर. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मीटरचे लाल आकडे पळायचे, त्यामुळे माणसं सासूच्या दुखण्याची चौकशीसुद्धा सुटलेल्या एसटीच्या मागे पळत केल्यासारखी करायची. आत जाताना चपला बाहेर काढायची. मी कधी सांगितलं नव्हतं. देवळात आणि दवाखान्यात काढतात म्हणून इथंही काढायची.

सुभद्राचे सासरे तात्या हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. नगरच्या बाजारात शेतकऱ्याचा माल लिलावाला लावून देतो त्याला अडत्या म्हणतात. तात्यांचा अडत्या भारी चिकित्सक होता. कांदा नीट वाळलाय का, हे विचारल्याशिवाय गाडी आणा म्हणायचा नाही. ओला कांदा पोत्यात सडतो आणि शेजारच्या दहा कांद्यांना सडवतो, त्यामुळे त्याचं चुकत नव्हतं. तात्या बंडीच्या खिशातून कांदा काढायचे, फोनच्या तोंडाशी धरायचे आणि अंगठ्याने करकर चोळायचे.

"आयकू येतंय का? बगा कसा वाजतोय!"

पलीकडून अडत्या म्हणायचा, "अजून एकदा वाजवा." मग तात्या दुसऱ्या खिशातला कांदा काढायचे. अडत्या म्हणायचा, "हां, वाळलाय. आणा."

मी रोज केबिनमधली टरफलं झाडून काढायची. हसणारांनी हसावं. आता अडते फोटो मागवतात. फोटोत ओला कांदाही गोरागोमटा दिसतो.

लिलावाच्या दिवशी सकाळी मी स्वतः नगरला फोन लावायची. एका अडत्याला नाही, दोघांना. एकच माणूस सांगतो ते खरं धरायचं नाही, हे मला चौथीपर्यंतच्या शाळेने नाही, बाजाराने शिकवलं. मग केबिनच्या बाहेर टांगलेल्या फळ्यावर भाव लिहायची. आधी खालचा, मग मधला, शेवटी वरचा. लोक चिडायचे.

"आक्का, सकाळच्या पारी खालचा भाव कावून दाखवतीस? वरचा आधी लिव की."

"वरचा भाव एका गाडीला मिळतो बाबा. तुझी गाडी तीच हाय का?"

ज्याला वाचता येत नव्हतं त्याला मी ओरडून सांगायची. फळा सगळ्यांचा होता. मळ्यातल्या मालकांच्या वाड्यावर गावातला पहिला फोन होता. माझ्या फळ्याच्या आधी नगरचा भाव फक्त त्यांना कळायचा आणि गावातला कांदा ते बांधावरच पडत्या भावात उचलायचे. फळा लागल्यावर त्यांनी गड्याकडून निरोप धाडला, "आक्का, फळा आत ठेवत जा, उन्हानं खराब होईल." मी म्हटलं, "त्यास्नी सांग, पाऊस आला की ठेवीन आत." आमच्याकडे पाऊस किती पडतो ते वर लिहिलंच आहे.

पैसे वाचवायची लोकांची अक्कल मात्र माझ्यापुढची होती. कुणी माल घेऊन नगरला गेला की तिथून माझ्या बूथला नुसती घंटी द्यायचा. दोनदा वाजून फोन बंद पडला, तर भाव चांगला आहे, तुम्हीही गाड्या भरा. वाजतच राहिला, तर थांबा. फोन मी उचलायचा नाही, म्हणजे पैसा लागत नाही. माझं नुकसान व्हायचं, पण कडुनिंबाखाली घंटीची वाट बघत बसलेली माणसं चहा पीत आणि चहाची टपरी माझ्या भावाची होती.

एकदा दोन दिवस लाइन बंद होती. तिसऱ्या दिवशी घंटी वाजली. एकदा, दोनदा, बंद. झाडाखाली आरोळी उठली. तात्यांनी टोपी उडवली. दुपारच्या आत तीन टेम्पो भरून नगरला रवाना. संध्याकाळी तारवाला लाइनमन चहा प्यायला आला आणि मला म्हणाला, "आक्का, लाइन जोडून खांबावरनं दोनदा वाजवून बघितली. तुमच्याकडं वाजली का?"

मी म्हटलं, "वाजली. तीन टेम्पो भरून वाजली."

नगरला हमालांचा संप होता. बाजार कडकडीत बंद. टेम्पो होते तसे परत आले आणि सगळं गाव माझ्या केबिनसमोर भांडायला उभं राहिलं. तात्या तेवढे बाजूला बसून हसत होते. "आरं, कांदा नगर बगून आला," म्हणाले. "तेवढीच त्याला हवापालट."

त्या दिवसापासून मी नियम केला. घंटीवर भरवसा नाही. निरोप आला की तो ज्याचा आहे त्याच्या कानात घालायचा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. "कळलं की आक्का," असं कुणी म्हटलं तर मी सोडायची नाही. "कळलं नको. काय कळलं ते बोल." मुंबईचा निरोप असो, दवाखान्यातला असो, बाजारातला असो. शेतात असलेल्या माणसाला निरोप द्यायचा तर बांधाबांधावरून हाळी जायची. मी थांब्यावरच्या माणसाला सांगायची, तो पहिल्या बांधावरच्याला, तो पुढच्याला. शेवटच्या रानातून उलटी हाळी आली की मी समजायची, पोचला. टेलिफोनची तार थांब्यापाशी संपायची. पुढची तार माणसांची होती. ते दिवस मला आठवतात ते या हाळीमुळे. पैसा काही फार मिळाला नाही.

मग मोबाइल आले. आधी मळ्यातल्या मालकांकडे, मग मास्तरांकडे, मग सगळ्यांकडे. माझं मीटर गप्प झालं. केबिन आता माझ्या घरामागे आहे. तिच्यात शेळीचा चारा ठेवते. काचेची असल्याने शेळीला तो दिसतो आणि ती दिवसभर बाहेरून बघत उभी राहते.

नव्या फोनला मी नावं ठेवणार नाही. गावातल्या शेतकऱ्यांचा ग्रुप आहे. त्यावर पाच बाजारांचे भाव येतात, पानावरच्या रोगाचा फोटो टाकला तर औषध कळतं, हवामान कळतं. माझ्या फळ्यावर एवढं कधीच मावलं नसतं. पण तो फळा झाडाला टांगलेला नाही, एकेकाच्या खिशात आहे. आमच्याकडे घरात मोठा फोन एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. पुरुष ऊसतोडीला गेला की फोन ऊसतोडीला जातो. शेत मात्र गावात राहतं आणि बहुतेक वेळा बाई राहते. तिच्याकडे बटणांचा छोटा फोन. त्यावर ग्रुप येत नाही. मीसुद्धा त्याच बटणवाल्यांतली.

आता सुभद्राचं.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सुभद्रा आणि तिचा नवरा भिमा लग्न झाल्यापासून दर साल जात होते. तात्या वारले, मागे राहिली सासू हौसाबाई. गेल्या दसऱ्याला हौसाबाई ओट्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा भिमा त्याच्या भावाबरोबर कर्नाटकात गेला आणि सुभद्रा सासूपाशी राहिली. विहिरीला पाणी बरं होतं, तिने एकटीने कांदा लावला. खुरपला, पाणी भरलं. नवरा-बायकोचं ठरलं होतं की हा कांदा नीट बाजारात गेला तर टोळीच्या मुकादमाकडून पुढल्या सालाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची नाही. उचल घेतली नाही म्हणजे तोडीला जायचं बंधन नाही. त्यांची मुलगी पाचवीत होती. दर साल अर्धं वर्ष उसाच्या फडात जायचं आणि अर्धं शाळेत. यंदा आईपाशी राहून ती सबंध वर्ष शाळेत बसली होती; पुढल्या वर्षीही तसंच बसवायचं, एवढ्यासाठी तो कांदा होता.

फाल्गुनात तिने कांदा उपटला. उपटलेला कांदा पातीसकट रानात पसरून वाळवतात. ते दिवस भीतीचे. जमिनीत असतो तोवर त्याला जमीन राखते. उपटल्यावर तो उघडा असतो.

त्या दिवशी सकाळी मी सवयीने थांब्यावर जाऊन बसले होते. ऊन फटफटीत, आभाळाला डाग नाही. आणि जो तो ताडपत्री घेऊन शेताकडे पळतोय. सुभद्राच्या बांधाला बांध असलेला दगडू समोरून आला. डोक्यावर ताडपत्रीची गुंडाळी.

"काय रं दगडू, मांडव घालतोस का काय?"

"आक्का, दुपारनंतर गारा हायेत. सकाळीच ग्रुपवर आलंय. माझा कांदा काढलेला हाय."

"सुभद्राचाबी काढलेला हाय. तिला सांगितलंस?"

"तिला काय सांगायचं? भिमाचा नंबर हाय की ग्रुपवर."

"भिमा कुठं हाय?"

दगडू थांबला. "कर्नाटकात."

"मग कांदा कर्नाटकात हाय का?"

दगडू वाईट माणूस नाही. तात्या होते तेव्हा त्याच बांधावरून त्याने शंभर हाळ्या दिल्या असतील. त्या सकाळी ताडपत्री आणायला येताना तो सुभद्राच्या रानाशेजारून गेला, तिचा उघडा कांदा त्याने पाहिला आणि त्याला वाटलं, हिला ठाऊक असेल, कारण ग्रुपवर टाकलंय. सगळ्या गावाला तसंच वाटलं. निरोप तिच्या घरच्या फोनवर गेला होता, हे खरंच होतं.

त्याने तिच्या छोट्या फोनवर फोन लावला. फोन घरी चार्जिंगला लावलेला, हौसाबाईच्या उशाशी. म्हातारीने बहुतेक भलतंच बटण दाबलं. तीनदा कट झाला. दगडू म्हणाला, "आक्का, माझं झाकून लगेच येतो तिच्याकडं." मी त्याला दोष दिला नाही. त्याचंही वर्षाचं पीक होतं.

थांब्यासमोर युनूसभाईचं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी तो दुरुस्त करतो. त्याने आमचं सगळं ऐकलं होतं. हातातला पाना ठेवून त्याने स्कूटर काढली.

"बसा आक्का. पाय सांभाळा."

"दुकान?"

"दुकान कुटं पळतंय?"

सुभद्रा रानात एकटी पात कापत बसली होती. मी सांगितलं तर तिने आधी वर बघितलं.

"आक्का, आभाळ तर कोरडं हाय."

"ग्रुपवर आलंय. समदं गाव झाकायलंय."

ती उठली. दगडूच्या रानाकडे बघितलं. तिथं निळी ताडपत्री अंथरली जात होती. तेव्हा तिला पटलं.

"सकाळपासनं समद्यास्नी म्हाईत हाय?" तिने विचारलं. "मग मला कावून न्हाई सांगितलं कुणी? मी काय गावाभाईर राहती?"

मी म्हटलं, "भांडण मागनं. आधी ढीग लाव."

तिने पदर खोचला. आम्ही घमेल्याने कांदा गोळा करायला लागलो. मी बसून घमेलं भरायची, ती नेऊन ओतायची. झाकायला काही नव्हतं. गावातल्या दुकानातल्या ताडपत्र्या संपल्या होत्या. युनूसभाई परत गेला आणि थांब्यावरचा वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स दोऱ्या कापून घेऊन आला.

"युनूसभाई, मार खाशील," मी म्हटलं.

"वाढदिवस झाला ना कालच? आता साहेबांना थोडं काम करू द्या."

हात जोडलेला पुढारी आम्ही ढिगावर उताणा अंथरला. कडेला दगड ठेवले. दुसऱ्या ढिगावर सुभद्राने घरच्या दोन गोधड्या, कडब्याच्या पेंढ्या, जे हाताला लागलं ते टाकलं. दगडू उरलेली ताडपत्री घेऊन पळत आला, तोवर पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन आलं होतं. तो घमेलं उचलून कामाला लागला. सुभद्राने एकदाच त्याच्याकडे बघितलं.

"दगडूभाऊ, बांधावरनं एक हाक मारली असती."

"वयनी, मला वाटलं तुमाला म्हाईत हाय. ग्रुपवर..."

"हाक मारायला काय रिचार्ज लागतो?"

तो ताडपत्रीचं टोक ओढून त्यावर दगड ठेवायला लागला. बोलायला वेळ उरला नव्हता. गारा आल्या. आधी टपटप, मग सुपारीएवढ्या, मग मोजायच्या पलीकडच्या. आम्ही चौघं विहिरीवरच्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत शिरलो. पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचं ऐकू येईना. दारातून रान दिसत होतं. दोन ढीग झाकलेले आणि उरलेलं रान उघडं. सुभद्रा दारात उभी राहून बघत होती. युनूसभाईने तिला आत ओढायला हात पुढे केला आणि परत घेतला.

गारा फार वेळ पडल्या नाहीत. पडायचं तेवढं पडून झालं होतं. रान पांढरं दिसत होतं. निम्म्याहून जास्त कांदा उघड्यावर राहिला होता. गार लागलेला कांदा वरून ठीक दिसतो. दोन दिवसांनी आतून मऊ पडतो. हे आमच्यापैकी कुणालाही सांगायची गरज नव्हती. दगडूच्या रानात काही नुकसान नव्हतं. तो तिथेच उकिडवा बसला आणि मातीत गारा दाबत राहिला.

आम्ही सुभद्राच्या घरी आलो. पोरगी शाळेतून भिजून आली होती. सुभद्राने तिचं डोकं पुसलं, सासूला चहा दिला, आम्हाला दिला. मग छोटा फोन वाजला. कपबश्या घासताना सुभद्राचे हात राखेने भरले होते, म्हणून मी बटण दाबून तिच्या कानाला लावला. पण भिमा एवढ्या मोठ्याने बोलत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"आगं, फडातनं आत्ता आलतो, फोन बगितला. गारा हायेत म्हणं आपल्याकडं आज! कांदा झाक!"

सुभद्रा तीच कपबशी घासत राहिली.

"आयकतीस का? ग्रुपवर आलंय. दगडूला हाक मार, तो येईल."

"आलता," ती म्हणाली. "दगडूभाऊ आलते. आक्काबी हायेत. युनूसभाई हायेत."

"मग झाकला?"

"झाकला."

"लई झ्याक केलंस." त्याचा आवाज सैल पडला. "मी इकडं घाबरून गेलतो. आता मुकादम हितंच हाय, पुढल्या सालाची उचल वाटायलाय. त्याला सांगून टाकतो, आमी न्हाई येणार. सांगू ना?"

सुभद्राने पोरीकडे बघितलं. पोरगी चुलीपाशी वह्या उघडून वाळवत होती.

"आवं," ती म्हणाली, "मुकादमाला आज काय बी सांगू नका."

पलीकडे नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. फोन बंद पडला की काय म्हणून मी बघितलं. चालू होता. मग भिमाने विचारलं, "आई जेवली का?"

"जेवली," सुभद्रा म्हणाली.